हायस्कूलच्या वर्गात कॉलेजचं क्रेडिट, पण त्यावर सही कोणाची?

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे कोर्स देण्यावरून सध्या जो वाद चाललाय तो मी अगदी जवळून बघतेय, कारण मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, शिकवते, आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एक बाजू म्हणते, साध्या घरातल्या पोरांना फुकटात नाहीतर नाममात्र फीमध्ये कॉलेजचं क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरला जाणारा कोर्स, मिळतंय ना, मग तुम्ही प्राध्यापक मध्ये कशाला येता, तुम्हाला फक्त आपली जागा सांभाळायचीय. दुसरी बाजू, म्हणजे आमच्यातलेच बरेच जण, म्हणतात की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना कॉलेज झेपत नाही, क्रेडिटची किंमत घसरतेय, हे सगळं थांबवा. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. कोर्स द्यावेत, भरपूर द्यावेत, पण ज्या कोर्सवर कॉलेजचं नाव आहे त्यात काय असावं, तो कोणी शिकवावा आणि पास कोणाला म्हणावं हे त्या विषयाच्या कॉलेज शिक्षकांनीच ठरवायला हवं, आणि हा हक्क मागणाऱ्यांनी त्यामागचं कष्टाचं काम स्वतः अंगावर घ्यायला हवं. काम न करता नुसता नकाराचा अधिकार मागणं मला पटत नाही, आणि काम करणाऱ्यांना डावलून परस्पर करार करणं तर त्याहून पटत नाही.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ड्युअल एनरोलमेंट म्हणजे मुलगा किंवा मुलगी अजून हायस्कूलमध्येच असते, पण एखादा कोर्स असा घेते की त्याचे मार्क शाळेतही धरले जातात आणि कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरही, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावरही, येतात. काही जण त्यासाठी कॉलेजात जाऊन बसतात, काही ऑनलाइन करतात, आणि खूप ठिकाणी शाळेतलेच शिक्षक शाळेच्याच वर्गात कॉलेजच्या नावाने तो कोर्स शिकवतात. सिराक्यूज युनिव्हर्सिटीने हा शेवटचा प्रकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणावर सुरू केला होता, आणि मिनेसोटाने १९८५ मध्ये राज्यभरासाठी कायदाच केला की अकरावी-बारावीची मुलं सरकारी पैशाने कॉलेजचे कोर्स घेऊ शकतील. आज हा प्रकार कुठे पोचलाय बघा, २०२२-२३ या एका वर्षात साधारण २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी कॉलेज कोर्स घेतला आणि कम्युनिटी कॉलेजांमध्ये तर पाचातला जवळजवळ एक विद्यार्थी हायस्कूलचा आहे. एवढी मोठी गोष्ट आता कडेला चालणारा छोटा प्रयोग राहिलेली नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या देखरेखीखाली चालते हा प्रश्न टाळून चालणार नाही.

शैक्षणिक निर्णय प्राध्यापकांनी घ्यायचे या तत्त्वाला फॅकल्टी गव्हर्नन्स म्हणतात, पण तो आला कुठून? १९०० साली स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला जावं लागलं, कारण त्यांची मतं संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना आवडली नाहीत. पैसा देणारा माणूसच वर्गात काय बोलायचं ते ठरवणार का, असा प्रश्न तेव्हा जोरात उभा राहिला, आणि १९१५ मध्ये प्राध्यापकांची एएयूपी ही संघटना स्थापन झाली त्यामागे अशाच घटना होत्या. पुढे १९६६ मध्ये याच संघटनेने कॉलेजांच्या अध्यक्षांची आणि विश्वस्त मंडळांची बाजू मांडणाऱ्या संस्थांना सोबत घेऊन एक निवेदन तयार केलं, ज्यात साफ लिहिलंय की अभ्यासक्रम, विषयाचा आशय, शिकवायची पद्धत आणि शिक्षकांच्या नेमणुका यांची प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची. लक्षात घ्या, हे एकट्या प्राध्यापकांनी स्वतःसाठी लिहून घेतलेलं नाही, विश्वस्त आणि अध्यक्षही त्या मसुद्यात होते. कॅलिफोर्नियाने तर १९८८ च्या कायद्याने आणि त्यावरच्या नियमांनी कम्युनिटी कॉलेजांच्या ॲकॅडेमिक सिनेटला, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाला, अभ्यासक्रमाबाबत कायदेशीर वजन दिलं. म्हणजे हा नुसता शिष्टाचाराचा भाग नाही.

मग हायस्कूलच्या दारात आल्यावर हा अधिकार गळून का पडतो? कारण बहुतेक ठिकाणी करार होतो तो कॉलेजचा प्रोव्होस्ट (शैक्षणिक कामकाजाचा प्रमुख) किंवा अध्यक्ष आणि शाळा जिल्ह्याचा सुपरिंटेंडंट (त्या भागातल्या सरकारी शाळांचा प्रमुख) यांच्यात, आणि विषयाच्या विभागाला कळतं तेव्हा सेमिस्टरचं वेळापत्रक लागलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्याच २०१५ च्या कायद्यात असा करार आधी एका जाहीर सभेत मांडायचा आणि नंतरच्या सभेत मंजूर करायचा असं होतं, २०१९ मध्ये ते दोन टप्पे एका सभेवर आणले. मधला जो वेळ होता, ज्यात कोणी वाचून हरकत घेऊ शकलं असतं, तोच गेला.

आधी आमच्या बाजूचा सगळ्यात कच्चा मुद्दा घेते, वयाचा. सोळा वर्षांच्या मुलाला कॉलेज झेपत नाही हे इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांत चौदा-पंधरा वर्षांची मुलं सर्रास असायची, आणि कित्येक कॉलेजांनी स्वतःचे पूर्वतयारी विभाग चालवले होते जिथे शाळा आणि कॉलेज एकाच छताखाली होतं. देशातलं सगळ्यात जुनं चालू असलेलं सरकारी कम्युनिटी कॉलेज, इलिनॉयमधलं जॉलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांना घेऊन चक्क हायस्कूलमध्येच सुरू झालं, शिकागो युनिव्हर्सिटीचे विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या बोलण्यातून. म्हणजे जी कम्युनिटी कॉलेजं आज हायस्कूलकडे संशयाने बघतात ती जन्मलीच हायस्कूलच्या पोटी! त्यामुळे वयाचा मुद्दा आपण सोडून द्यावा, तो आपल्याला शोभत नाही आणि त्याने खरा मुद्दा झाकला जातो.

खरा मुद्दा कळायला मिशिगन युनिव्हर्सिटीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १८७० च्या सुमारास तिथे प्रश्न असा होता की राज्यभर नवी हायस्कूल्स उघडतायत, त्यांच्या मुलांना प्रवेश परीक्षेशिवाय घ्यायचं का? हंगामी अध्यक्ष हेन्री फ्रीझ यांच्या काळात तोडगा निघाला की युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक स्वतः त्या शाळांमध्ये जातील, वर्गात बसतील, शिक्षकांशी बोलतील, आणि शाळा पसंत पडली तर तिथून शिफारस झालेल्या मुलांना परीक्षा नाही. त्या काळच्या रेल्वेने, त्या रस्त्यांनी, आपलं संशोधन बाजूला ठेवून प्राध्यापक गावोगावच्या शाळांत जायचे. याचा फायदा दोघांना झाला, शाळांचा दर्जा वाढला आणि युनिव्हर्सिटीला कळलं की आपल्याकडे येणारी मुलं कुठून, काय शिकून येतायत. ही पद्धत पुढे इतर राज्यांत पसरली, आणि शाळा आणि कॉलेज यांचा मेळ बसवायच्या याच खटपटीतून १८९५ मध्ये नॉर्थ सेंट्रल असोसिएशन उभी राहिली, जिच्या वंशातली हायर लर्निंग कमिशन आज मुख्यतः मधल्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देते. आजच्या भांडणात एवढा साधा विचार कोणी का करत नाही की दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न सुटला होता, आणि तो सुटला प्राध्यापक उठून शाळेत गेले म्हणून?

याच्या उलट उदाहरण शिकागोचं. रॉबर्ट हचिन्स १९२९ मध्ये तिशीतच तिथे अध्यक्ष झाले, हुशार आणि धाडसी माणूस, त्यांना वाटायचं की हायस्कूलची शेवटची दोन वर्षं वाया जातात, म्हणून त्यांनी दहावीनंतरच मुलांना कॉलेजात घ्यायची योजना आणली, १९४२ मध्ये त्या अभ्यासक्रमाला बीएची पदवीही जोडली. शैक्षणिकदृष्ट्या ते कोर्स दर्जेदार होते यावर फारसं दुमत नाही. पण प्राध्यापकांच्या मोठ्या गटाशी अध्यक्षांचा सतत संघर्ष राहिला आणि १९५१ मध्ये हचिन्स गेल्यावर काही वर्षांतच त्या योजनेचा गाभा मोडीत निघाला. चांगली कल्पनासुद्धा जर विभागांनी आपली मानलेली नसेल तर ती एका माणसाच्या कारकिर्दीएवढीच टिकते, आणि आज जे प्रोव्होस्ट घाईघाईने करार करतायत ते चार-पाच वर्षांत दुसऱ्या नोकरीवर निघून जातात, मग त्या कोर्सचं काय?

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की प्राध्यापकांच्या समित्या म्हणजे दिरंगाई, आणि त्या दिरंगाईची किंमत खेड्यातली मुलं मोजतात. हे खरं आहे. ज्या गावापासून कॉलेज तासाभराच्या ड्राइव्हवर आहे, जिथे शाळेत कॅल्क्युलस शिकवणारा एकच शिक्षक आहे, तिथे आमची समिती पुढच्या सेमिस्टरला विषय घेऊ म्हणते तेव्हा एका बॅचची संधी जाते. त्यात भर म्हणजे हायर लर्निंग कमिशनने २०१५ मध्ये नियम स्पष्ट केला की शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली मास्टर्स हवी, किंवा दुसऱ्या विषयातली असेल तर शिकवायच्या विषयातले १८ ग्रॅज्युएट क्रेडिट तास हवेत. अमेरिकेतल्या शाळा शिक्षकांची मास्टर्स बहुतेकदा शिक्षणशास्त्रातली असते, त्यामुळे वीस-वीस वर्षं उत्तम शिकवणारे लोक एका फटक्यात अपात्र ठरले. केवढा गोंधळ झाला, मुदती वाढवाव्या लागल्या, आणि शेवटी २०२३ मध्ये तो नियम सैल केला. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात, बघा, दर्जाच्या नावाखाली काय होतं.

पण नीट बघा की इथे निर्णय कोणी केला होता? कुठल्या इंग्रजी किंवा गणित विभागाने त्या शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला नापास केलं नव्हतं, एका आकड्याने केलं होतं. आणि त्याच नियमावलीत पदवीऐवजी सिद्ध झालेला अनुभव धरायची मुभा होती, फक्त त्यासाठी त्या विषयाच्या प्राध्यापकांनी बसून निकष ठरवायचे होते, माणूस बघायचा होता, त्याने तपासलेले निबंध वाचायचे होते. जिथे हे काम कोणी केलं नाही तिथे १८ हा आकडाच न्यायाधीश झाला. मला यातून प्राध्यापकांचा अधिकार कमी करा असं दिसत नाही, उलट त्यांनी तो वापरला नाही म्हणून माणसांचं नुकसान झालं असं दिसतं. दोष आमचा आहे, पण त्याचं औषध आम्हाला बाहेर काढणं हे नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. ते म्हणतात, तुम्ही दर्जाच्या गोष्टी करता, पण तुमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाचे कोर्स कोण शिकवतं? अमेरिकेतल्या साधारण दोन-तृतीयांश कॉलेज शिक्षकांना ना टेन्युअर, म्हणजे कायम नोकरीची हमी, आहे ना त्याची शक्यता, त्यातले कितीतरी अ‍ॅडजंक्ट म्हणजे एकेका कोर्सच्या पैशावर तीन-तीन कॉलेजं धरून गाडीत आयुष्य काढणारे लोक आहेत, त्यांच्या वर्गात कोणी जाऊन बसतं का, त्यांना सिनेटमध्ये मत आहे का? मग हायस्कूलमधल्या पक्क्या नोकरीच्या, रोज त्याच मुलांना भेटणाऱ्या शिक्षकावरच संशय का? याला माझ्याकडे बचाव नाही. तो संशय बऱ्याचदा विषयापेक्षा हुद्द्यावरून येतो, आणि मी तो स्टाफ रूममध्ये ऐकलेला आहे. पण म्हणून काय करायचं? एका ठिकाणी देखरेख नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणीही नको, असा निष्कर्ष काढणारे लोक मुलांचा विचार करतायत असं मला वाटत नाही. अ‍ॅडजंक्टलाही विभागात आणायला हवं आणि शाळेतल्या शिक्षकालाही, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ आहे, आणि तो टेन्युअरवाल्यांना गैरसोयीचा आहे म्हणून कोणी बोलत नाही.

तिसरा मुद्दा संशोधनाचा. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की ड्युअल एनरोलमेंटचा कॉलेजात जाण्यावर आणि पदवी मिळवण्यावर चांगला परिणाम दिसतो. मी हे मान्य करते, आनंदाने करते. फक्त त्यातले सगळ्यात भक्कम अभ्यास अर्ली कॉलेज हायस्कूलचे होते, म्हणजे जिथे सगळी शाळाच कॉलेजच्या सोबतीने उभी केलेली असते, सल्ला देणारी माणसं असतात, मुलांना नववीपासून तयार केलं जातं. त्यांचं श्रेय घेऊन एखाद्या जिल्ह्याने रातोरात चाळीस कोर्सचं नाव बदलून कॉलेज कोर्स म्हणायचं, हे त्या संशोधनाच्या जिवावर केलेलं गैरकाम आहे. एपी परीक्षेचं बघा, म्हणजे हायस्कूलमध्ये कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून द्यायची देशभरातली एकच परीक्षा, १९५० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून आणि शाळा-कॉलेजच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवलेल्या अभ्यासक्रमांतून ती उभी राहिली, कॉलेज बोर्डाने १९५५ मध्ये ती हाती घेतली, आणि आजही दर जूनमध्ये हजारो कॉलेज आणि शाळा शिक्षक एकत्र येऊन ते पेपर तपासतात. एपीत मला खूप दोष दिसतात, सगळं वर्ष एका पेपरवर लटकतं हा तर मोठाच, पण तिथे निदान मुलाला न ओळखणारा कोणीतरी उत्तर वाचतो. शाळेच्या वर्गातल्या कॉलेज कोर्सला अशी बाहेरची परीक्षा बहुतेक ठिकाणी नसते, सगळा भरवसा शिकवणाऱ्यावर आणि विभागाने त्याच्याशी ठेवलेल्या संबंधावर असतो. मग तो संबंधच नसेल तर उरतं काय?

आणि एक प्रश्न आहे ज्यावर कोणी बोलत नाही, माझ्या मते तोच सगळ्यात गंभीर. शाळेच्या इमारतीत कॉलेजचा कोर्स चालू आहे, त्यात एक पुस्तक आहे जे शाळा बोर्डाने वाचनालयातून काढलेलं आहे, मग चालतं कोणाचं? कॉलेजच्या शिक्षकाला शैक्षणिक स्वातंत्र्याची निदान परंपरा तरी आहे, शाळा शिक्षकाला ती जवळजवळ नाही, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या गार्सेटी निकालानंतर सरकारी नोकराच्या कामाच्या भाग म्हणून केलेल्या बोलण्याला फार थोडं संरक्षण उरलंय, आणि विद्यापीठातल्या शिकवण्याला ते लागू होतं का हा प्रश्न कोर्टाने तेव्हा मुद्दाम उघडा ठेवला. आता सांगा, सकाळी शाळेचा आणि दुपारी कॉलेजचा तास घेणारी बाई, एकाच खोलीत, नक्की कुठल्या बाजूला उभी आहे? ओहायोने यावर एक भूमिका घेतलीय, तिथे विद्यार्थी आणि पालक आधीच सही करतात की कोर्समध्ये प्रौढ स्वरूपाचा आशय येऊ शकतो आणि हायस्कूलची मुलं बसलीयत म्हणून तो बदलला जाणार नाही, वर्ग कुठेही भरो. मला ही सही आवडो न आवडो, त्यात निदान स्पष्टपणा आहे. पण ती बाई जेव्हा बोर्डासमोर उभी राहील तेव्हा तिच्या पाठीशी कोण? कॉलेजच्या विभागाने तिला कधी आपलं म्हटलं असेल, तिचा सिलॅबस आपल्या सहीने मंजूर केला असेल, तरच ती म्हणू शकेल की हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. फॅकल्टी गव्हर्नन्स हा प्राध्यापकांचा विशेषाधिकार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या बाईच्या जागेवरून त्याकडे बघावं, तिच्यासाठी ते संरक्षण आहे.

पैशाकडेही डोळे उघडे ठेवून बघायला हवं. टेक्सासने २०२३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांच्या निधीचा सगळा हिशेब बदलला आणि ड्युअल क्रेडिटचे (तिथे ड्युअल एनरोलमेंटला हेच म्हणतात) १५ क्रेडिट तास पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांमागे कॉलेजला पैसे मिळायला लागले. हेतू चांगला आहे, गरीब मुलांसाठी फी माफ करायची सोयही त्यासोबत केली. पण जेव्हा पास होणाऱ्या मुलामागे संस्थेला पैसे मिळतात तेव्हा पास-नापास ठरवणारा माणूस संस्थेच्या खजिन्यापासून लांब असायला हवा, एवढं तरी आपण मान्य करू ना? आणि त्याच टेक्सासने २०२५ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांतल्या फॅकल्टी सिनेट फक्त सल्लागार करून टाकल्या आणि सगळ्या पदवी विद्यार्थ्यांना पूर्ण कराव्या लागणाऱ्या मूळ अभ्यासक्रमावरचा शेवटचा शब्द नियामक मंडळांना दिला, जी राज्यपालांच्या नेमणुकीची असतात. प्राध्यापक बाजूला झाले की ती जागा मोकळी राहत नाही. फ्लोरिडात २०२४ मध्ये समाजशास्त्राचा प्राथमिक कोर्स मूळ यादीतून काढला तो समाजशास्त्र शिकवणाऱ्यांनी नाही, वरच्या मंडळांनी. जे लोक आज म्हणतात की प्राध्यापकांना बाजूला करा म्हणजे मुलांचा रस्ता मोकळा होईल, त्यांनी हे बघितलंय का की मोकळ्या रस्त्यावर पुढे कोण उभं राहतं?

यात मुलांचं काय पणाला लागतं तेही सांगते, कारण पालक, आणि त्यात आपले इथले मराठी पालकही आले, याकडे फक्त वाचलेली फी म्हणून बघतात. सोळाव्या वर्षी मिळालेला सी किंवा एफ हा कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा असतो, तो आयुष्यभर राहतो, आणि पुढे केंद्र सरकारची आर्थिक मदत चालू राहायला जी प्रगती दाखवावी लागते त्या हिशेबात त्या क्रेडिटचा वाटा येऊ शकतो. क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात चालेलच याची हमी नसते, बऱ्याचदा ते मुख्य विषयात न धरता इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून टाकून देतात, म्हणजे कागदावर क्रेडिट आहे आणि पदवीचा एक दिवसही कमी झालेला नाही. हे कोण सांगणार त्या मुलाला? शाळेच्या काउन्सेलरवर आधीच शेकडो मुलांचा भार असतो. त्या विषयाच्या विभागालाच माहीत असतं की पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने कुठला गणिताचा कोर्स घ्यावा आणि कुठला घेतला तर वाया जाईल.

यावर बऱ्यापैकी चांगले नमुने आहेत, अगदी शून्यातून काही शोधायचं नाहीये. १९९९ मध्ये स्थापन झालेली एनएसीईपी ही संस्था शाळेत चालणाऱ्या कॉलेज कोर्सच्या कार्यक्रमांना मान्यता देताना बघते की कॉलेजचे प्राध्यापक शाळेतल्या वर्गाला भेट देतात का, शिक्षकांना विषयाचं प्रशिक्षण मिळतं का, परीक्षा कॅम्पसवरच्या तोडीची आहे का. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑनरॅम्प्स या ड्युअल एनरोलमेंट कार्यक्रमात दोन वेगळे ग्रेड असतात, शाळेचा ग्रेड शाळेचे शिक्षक देतात, कॉलेजचा युनिव्हर्सिटी देते, आणि कॉलेजचा ग्रेड कळल्यावर ते क्रेडिट घ्यायचं की नाही हे विद्यार्थी ठरवतो. मला ही दोन ग्रेडची कल्पना फार आवडते, त्यात मुलाला धोका कमी आणि कॉलेजला तडजोड करायचं कारणही कमी.

पण माझ्या मागण्या याच्या पुढच्या आहेत. करारावर सही व्हायच्या आधी विषयाच्या विभागाचं मत झालं पाहिजे, तीस दिवसांत, त्याहून जास्त वेळ लागला तर विभागाने लेखी कारण द्यावं, म्हणजे दिरंगाईचा आरोप करायला जागा राहणार नाही. शाळेत जाऊन वर्ग बघणाऱ्या प्राध्यापकाला त्याबद्दल एक कोर्स कमी शिकवायची सवलत मिळावी, कारण आज हे काम ज्युनिअर माणसाच्या गळ्यात मारतात आणि बढतीच्या वेळी कोणी मोजत नाही. आणि जो शाळा शिक्षक आमच्या कॉलेजचं क्रेडिट देतो त्याला आमच्या विभागाच्या बैठकीत खुर्ची द्या आणि तो शिकवतो त्या कोर्सपुरतं मत द्या. माझ्या सहकाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो, शाळेचे लोक आमच्या अभ्यासक्रमावर मत देणार का, असं विचारतात. मी त्यांना उलटं विचारते, त्याने दिलेला ए तुम्ही तुमच्या कॉलेजच्या नावाने देताय ना, मग त्याचं मत तुम्हाला का नको? यावर मला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात आमच्या सिनेटमध्ये नव्या कराराचा विषय येतोय तेव्हा मी हाच ठराव लेखी मांडणार आहे, विभागाच्या मंजुरीची अट आणि शाळा शिक्षकाचं मत, दोन्ही एकाच कागदावर, म्हणजे एक घेऊन दुसरं सोडायची सोय कोणाला राहणार नाही.